मोटारासुर जिंकतो

प्रिय बिरू,

घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवरच बोलले असते, पण आप्पा खाटेवर शेजारीच असतात. मोतीबिंदूनं त्यांना दिसत नसलं तरी कान लई तिखट. म्हणून पलीकडच्या नागम्माच्या ओट्यावर बसून लिहितेय. ती सारखी विचारतेय, एवढं काय लिहितीस? पोराला शेंगाचटणी कशी करायची ते कळवतेय, असं सांगून टाकलं.

तुझं ते चित्रांचं पुस्तक आमच्या हाती लागलं. तू पाठवलं नव्हतंस, नागम्माच्या प्रियंकानं तुझं छापलेलं नाव बघून पुण्याहून आणलं. मी हरखून गेले. आप्पांना ऐकवायला मोठ्यानं वाचायला घेतलं, आणि मधल्या पानावर तो आला. मोटारासुर. डोक्यावर शिंगं, छातीवर हेडलाइट, जीपमधून उतरतो, आणि कुणी दार आपटलं की ओरडतो, 'दार हळू! गाडीला जीव हाय!' अरे बाबा! सांगोला-सोलापूर वडापची जीप चालवताना आप्पा दिवसभर हेच ओरडायचे की! जीपमध्ये वीस माणसं कोंबतील, टपावर शेळ्या चढवतील, पण दार हळू.

पुढं वाचू का नको, मला काही सुधरेना. तेवढ्यात आप्पाच मांडीवर थाप मारून हसायला लागले. 'हा तर मीच की! पोरानं बापावर पुस्तक काढलं!' आणि लगेच विचारलं, 'जिंकतो ना मी?' माझ्या तोंडून 'व्हय' निघून गेलं. आता बोल.

त्या दिवसापासून ते रोज पुस्तक वाचायला लावतात आणि मी रोज उलटं वाचते. तू लिहिलंयस, मोटारासुर सगळ्या शहराच्या टायरमधली हवा काढतो. मी वाचते, हवा भरतो, तीसुद्धा फुकट. तू लिहिलंयस, खंडेनवमीला झेंडूची माळ घातली की त्याच्या जीपला राक्षसाचं बळ येतं, आणि तो लाल कपड्यांतला उडणारा पोरगा चाकाखालचं लिंबू पळवून तिला बंद पाडतो. मी वाचते, पोरगा स्वतःच चाकाखाली लिंबू ठेवून नमस्कार करतो. ते ऐकून आप्पांनी डोळे पुसले. म्हणाले, 'लिंबूसुद्धा ध्यानात ठेवलंय बघ माझ्या वाघानं.' आता काठी टेकत रिक्षास्टँडवर जाऊन सांगतात, पोरानं मला हिरो केलाय. रत्नम्मा चहावालीनं एक दिवस चहा फुकट पाजला.

बिरू, मी सातवी शिकलेली बाई. मला तुझं मन कळत नाही. तुझा राग मला ठाऊक आहे. त्या खंडेनवमीला तू खिळ्यानं जीपच्या बॉनेटवर घोडा काढलास आणि त्यांनी भरल्या वडापसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. गाडीला ओरखडा आला म्हणून पोराला मारणारा बाप राक्षसच, हे मीसुद्धा त्या दिवशी म्हटलं होतं. तेवढाच राग काढायचा असता तर दोन शिंगं काढून मोकळा झाला असतास. पण तू त्यांचा डावीकडं कललेला खांदा काढलास. स्टेअरिंगला गुंडाळलेला मायाक्काच्या जत्रेतला गोंडा काढलास. आणि हरल्यावर मोटारासुर खाली बसून सदऱ्याच्या बाहीनं बॉनेट पुसतो, ते चित्र बघून मी पुस्तक मिटलं. रागावलेल्या माणसाला इतकं बारीक आठवतं का रे? का रागावलेल्यालाच आठवतं? एक दिवस वाटतं तू बापाची इज्जत घालवलीस, दुसऱ्या दिवशी वाटतं तुझ्याएवढं त्यांना कुणी बघितलंच नाही. भाकरी थापता थापता मी यावर विचार करते आणि भाकरी करपते. आप्पा म्हणतात, 'हल्ली तुझं ध्यान कुटं असतं?' काय सांगू?

जीप विकली तेव्हा तीन दिवस ते जेवले नव्हते. तू दोन दसरे आला नाहीस, तेव्हा मात्र रोज पोटभर जेवले. मला वाटायचं, बघा, गाडीचं दुःख पोरापेक्षा मोठं. मग कळलं, दोन्ही दसऱ्याला ते सकाळपासून अंगणात पाणी मारून बसत होते. कशाला, तर म्हणे पुण्याची गाडी धूळ लई आणते. आता यातलं खरं काय धरायचं, तूच सांग. मी तर दमले.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. इतकी वर्षं डोळ्याच्या ऑपरेशनला नाही म्हणणारे आप्पा परवा स्वतःच रिक्षा करून दवाखान्यात जाऊन तारीख घेऊन आले. साखर आटोक्यात यावी म्हणून चहासुद्धा सोडलाय. का, तर पोरानं काढलेला आपला फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे, मंगळवारी पट्टी निघेल. पुस्तक ते उशीखाली घेऊन झोपतात, त्यामुळं लपवायचीही सोय नाही. शिंगं दिसतील, आणि अक्षरं तर त्यांना येतातच. तू बाजू मांड म्हणत नाही, माफी माग तर मुळीच म्हणत नाही. फक्त मंगळवारी सकाळी इथं ये आणि त्यांच्या खाटेसमोर उभा राहा. पट्टी निघाल्यावर त्यांना ते पुस्तक दिसायच्या आधी तू दिसायला हवास.

तुझीच गोंधळलेली,
आई