अक्काच्या शेजारची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा जीभ घसरली. चहा पिताना बोलून गेले, "आमच्याकडे साखर जास्त असते."

नणंद हसली — "वहिनी माहेरी राहून आल्यासारखीच बोलते!" नवराही हसला. मुलगी नाही हसली, कपात बघत राहिली.

आमच्याकडे म्हणे! कशासाठी आत गेले ते इथे लिहिणार नाही, सगळ्या गल्लीला पाठ आहे. पण तुरुंगाला "आमच्याकडे" म्हणणारी मी एकटीच असेन. आत गेले तेव्हा मुलगी फ्रॉकची बटणं लावायला शिकत होती. आता तिची चप्पल मला होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्यांना वाटतं मी नणंदेवर जळते. नवरा हळूच समजावतो — "तुझ्यामागे तिनेच सगळं सांभाळलं गं. मनात काही ठेवू नकोस." अरे बाबा, माझ्या मनात तुझी बहीण नाहीच! तिने स्वयंपाकघर घ्यावं, डबे हवे तसे लावावेत. माझं काही जात नाही.

मला पोळते ती चिमणी.

मी सुटायच्या महिनाभर आधी आली ती. चिमणी आम्हीच ठेवलेलं नाव, सारखी चिवचिव करते म्हणून. बराकीत अक्काच्या शेजारची, खिडकीखालची जागा माझी होती. शिवणखात्यात अक्का कापड कापायची, मी मशीनवर. रात्री अक्का माझ्याशी बोलायची — माझ्याशीच! बाकीच्यांशी ती हूं की चूं करत नसे.

सुटायच्या दिवशी मी अजून घोंगडीची घडी घालतेय, तर ही मेली आपली वळकटी काखेत धरून उभी. "ताई, झालं का तुमचं?" काय घाई! मी काय मरून चालले होते?

८ फेब्रुवारी, शनिवार

अक्काला भेटायला तुरुंगात गेले, मुलाखतीला. काचेच्या या बाजूला बसायची ही पहिलीच वेळ; मुलगी भेटायला यायची तेव्हा मी पलीकडे रडत असायचे. गेटवरची शिपाईबाई ओळखीचीच — "काय गं, करमेना का घरी?" मी हसले. खोटं कशाला बोलू, नाही करमत.

अक्का आली. आली ती अंबाडा घालून! घट्ट, नीटस, एक केस इकडचा तिकडे नाही. माझ्याशिवाय कुणाला केसांना हात लावू देत नव्हती ती. मी फोन कानाला लावला आणि आधी तेच विचारलं.

"चिमणीने घातला. हात हलका आहे पोरीचा."

हात हलका! मग माझा काय, मुसळ होतं?

माझ्या मशीनवरही तीच बसते. दोरा तुटत नाही म्हणे तिचा. अंगाचा नुसता तिळपापड झाला. विचारलं, "माझी आठवण येते का गं?" तर म्हणाली, "ते राहू दे. मुलगी कशी आहे ते सांग." बरी आहे म्हटलं आणि पुन्हा चिमणीवर आले. अक्काने पुन्हा मुलीचं विचारलं. मी पुन्हा चिमणीचं. तेवढ्यात वेळ संपली.

१० फेब्रुवारी, सोमवार

चिमणीला ताप येवो. फार नको. थोडासा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी मला अहो-जाहो करते. "तुम्ही जेवलात का?" — पाहुणीला विचारावं तसं. आत्याला मात्र अगं-तुगं, गळ्यात पडणं, केस ओढणं, सगळं. नवरा म्हणतो, होईल हळूहळू. नणंद म्हणते, "अगं, आईला तुम्ही काय म्हणतेस?" मग पोरगी आणखीच आक्रसते.

खरं तर वाईट वाटायला हवं. वाटतंही. पण वाईट वाटलं की पहिल्यांदा मनात येतं — हे अक्काला सांगायला हवं. आणि मग आठवतं, अक्काच्या शेजारी आता कोण निजतं ते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आरशासमोर मुलगी म्हणाली, "सरक ना तू जरा, दिसत नाहीये!"

तू! तू म्हणाली! भान न राहून बोलली, तिच्या लक्षातही आलं नाही. मला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. कुणाला सांगू? तशीच चप्पल घातली आणि बस पकडली. शाळेत तिची धावायची शर्यत होती, पण आत्या जाणारच होती ना. आणि मुलाखत आठवड्यातून एकदाच.

अक्काला सांगितलं, ओघात शर्यतीचंही. खूश होईल असं वाटलं होतं. ती उलट माझ्यावरच खेकसली.

"शर्यत आज आहे? आज? मग तू इथे कशाला तडमडलीस?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कळतंय मला. मी आले की चिमणीला खपत नाही, होय ना? तिनेच शिकवलं तुला हे!"

अक्काने फोन ठेवला आणि निघून गेली. वेळ बाकी असताना! आत एवढी वर्षं काढली, मुलाखतीची वेळ बाकी टाकून उठणारी बाई मी पाहिली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

न्हाणीघरात नळ सोडून रडले. तरी बाहेर ऐकू गेलंच. नवऱ्याने विचारलं, "कुणी काही बोललं का?" नणंद चहा घेऊन आली, मान खाली घालून म्हणाली, "वहिनी, मी दुसरीकडे खोली बघू का?"

"नाही गं बाई! तुझा काहीएक संबंध नाही!"

तिला पटलं नाही. कसं पटावं? घरात बसून मी कुणा एका अक्कासाठी रडतेय हे कुणाला पटेल? मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती शर्यतीत दुसरी आली. हे मला नणंदेने सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्काचा रुसवा काढायचाच उद्या. तिच्यासाठी साबण, तेल आणि केसांच्या पिना आणल्या — काळ्या, चांगल्या भारीतल्या. चिमणीला कुठून मिळणार असल्या! शिपाईबाईच्या हातापाया पडेन, पण आत पोचवेन.

पिशवी भरत होते तर मुलगी शेजारी येऊन बसली. आपणहून. एक पिन उचलून बघितली.

"हे कुणाला?"

"अक्काला."

"सगळं?"

"सगळं. ठेव ती, हरवशील."

तिने ठेवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

निघताना मुलगी दार अडवून उभी राहिली. बाजूला हो म्हटलं, होईना. बस चुकेल म्हटलं, तर ओरडलीच —

"तू आत होतीस तेच बरं होतं! तेव्हा तू माझ्यासाठी रडायचीस!"