तिरक्या रुळांचं पेटंट

३ मार्च
लोकर दाबून जाड नमदा करायचं माझं यंत्र आज दिवसभर न अडता चाललं. दाबायचे रूळ तिरके बसवल्यापासून लोकर कडेला पसरत नाही. माझ्याकडे काम करणारी गुलझात म्हणाली, खांदे दुखायचे थांबलेच.
दुपारी रेडिओवर सांगितलं — लहान धंद्यांना पेटंटची फी बरीच कमी केली. गुलझात लगेच मागे लागली, अर्ज भरून टाक. गेल्या वर्षी फी ऐकूनच मी परत फिरले होते. आता काय कारण सांगू?

७ मार्च
धाकटा भाऊ मिर्झाबेक जेवायला आला. रूळ तिरके करायची युक्ती माझी, पण वेल्डिंग सगळं त्याचं. त्याला विचारल्याशिवाय कसं भरणार?
तो नकोच म्हणाला. "एजे, ताई, फी उतरली, वकील उतरले का?" कुणी नक्कल केली तर कोर्टात कोण उभं राहणार? शिवाय अर्जासोबत चित्रं दिली की यंत्र जगापुढे उघडं. पटलं.
लगमानच्या शेवया अर्ध्या टाकून गेला. माझ्या हातचं कधी टाकत नाही.

८ मार्च
भरायचं नाही. ठरलं.

९ मार्च
नाही ठरलं! लोकर पिंजताना हात सारखा थांबतो.

१४ मार्च
बाजारात चोल्पोन भेटली. मधमाश्यांच्या पेट्या बनवते. तिनं अर्ज केलाय. बिश्केकच्या पेटंट कार्यालयात म्हणे आता रांग असते, पण पुष्कळजण पहिल्या नकारानंतर परत येत नाहीत. फी कमी झाली, अर्ज लिहून देणारा मात्र पूर्वीइतकेच घेतो. तिनं स्वतःच लिहिला. परत आला, पुन्हा लिहिला.
घरी येऊन मीही बसले. चार ओळी झाल्या. तीन खोडल्या.

२२ मार्च
मिर्झाबेकला म्हटलं, निदान चित्रं काढून दे. वेळ नाही म्हणाला. मीच काढली. जरा वाकडी आलीत, चालतील. नावं दोघांची घातली. त्याला आवडेल.

२५ मार्च
अर्ज द्यायला निघालेय. बिश्केकच्या गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय.
स्टँडवर मिर्झाबेक आला होता. खिडकीपाशी उभा राहिला.
"एजे, उतर. अर्ज भरलाय मी. फी कमी झाली त्याच आठवड्यात."
कुणाच्या नावानं, विचारलं.
"माझ्या."
आणि एकट्याच्या नावावर करायचं हे आधी कधी मनात आलं नव्हतं, मी विचारलं.
तो म्हणाला,
"आलं होतं. परवडत नव्हतं."
ड्रायव्हरनं दार ओढलं. मी उतरले नाही.