बदली झाली की दाखवू

बाबा, आज एका बाईच्या छातीतून तीन बरगड्या आणि त्यांना धरून बसलेली गाठ काढली, आणि हात धुताना तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. बाई कलकत्त्याजवळच्या बजबजची. गाठ टणक, जागची न हलणारी, फारशी न दुखणारी. वर्षभर लचक समजून तेल चोळत होती. तुकडा तपासल्यावर कळलं, बरगडीच्या कूर्चेचा कर्करोग. क्वचितच दिसतो. औषधांना दाद देत नाही, वेळेवर मुळासकट कापला तरच माणूस वाचतो. तिचा नवरा म्हणाला, "दुर्गापूजो झाल्यावर केलं तर चालेल ना, दीदी?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की नर्स बघत राहिली.

आईची गाठ त्याच जागी होती. डमडमच्या क्वार्टरमध्ये ती पोळ्या लाटते आहे, मधेच थांबून बरगडी दाबते आहे, आणि तुम्ही डबा पिशवीत ठेवत म्हणता, "इथे कुठे दाखवत बसायचं? बदली झाली की पुण्याला आपल्या माणसांत दाखवू." आपल्या घरात सगळंच बदलीवर ढकललेलं असायचं. नवं कपाट, माझा गाण्याचा क्लास, तसंच आईचं दुखणं. मोठमोठे सर्जन मेट्रोने अर्ध्या तासावर होते. पण दहा वर्षं राहूनही तुम्ही या शहरात पाहुण्यासारखे वागलात. ऑर्डर आली तोवर गाठ फुप्फुसात पोचली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" तुम्ही म्हणालात, "कलकत्त्याला."

मी हट्टाने इथेच परत आले, याच कामाला. आज जाळी आणि हाडांसाठीचं सिमेंट बसवून त्या बाईच्या छातीची भिंत उभी केली, वर पाठीचा स्नायू फिरवून घेतला. घशातली नळी काढल्यावर ती आपल्या आपण श्वास घेऊ लागली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी मनात तुमच्याशी भांडत होते.

हे पत्र पाकिटात जायचं नाहीच, म्हणून लिहिते. ऑर्डर येण्याआधीच्या जानेवारीत तुम्ही एकदा रजा घेऊन पुण्याची तिकिटं काढली होतीत. माझी बारावी होती. जेवताना मीच म्हणाले, "परीक्षा झाल्यावर जाऊ ना, बाबा." दुसऱ्या दिवशी तुम्ही तिकिटं रद्द केलीत. आई गेल्यावर मामा, मावशी, सगळ्यांनी तुम्हाला बोल लावले, तेव्हा मी तिथेच बसले होते. तुम्ही माझं नाव एकदाही घेतलं नाहीत.