प्रेतावरचे पोपट

चि. भिंगरीस,

तुझ्या कुलूपवाल्या मामाचे अनेक आशीर्वाद. तुझ्याबरोबर राहणाऱ्या, तुझ्या सिनेमाचा आवाज सांभाळणाऱ्या ध्वनीवालीलाही तितकेच (ओळखदेख नसताना आशीर्वाद देणं आगाऊपणाचं वाटत असेल, तर तिने ते तूर्त तुझ्याकडे ठेवायला द्यावेत). इकडे सर्व क्षेम. माझा गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरीला आमच्या घरात आजार धरत नाहीत. मामी ठणठणीत आहे. तुझे बाबा पूर्वीइतकंच बोलतात, म्हणजे बोलत नाहीत. तुझ्या आईची खुशाली मात्र एका ओळीत मावणारी नाही, म्हणून हे एवढं मोठं पत्र. (हे समासात मागाहून लिहितोय:) सोबत कागदात गुंडाळलेली एक वस्तू आहे. ती पत्र वाचून होईपर्यंत उघडू नकोस. तुझा स्वभाव ठाऊक असल्यामुळे तिला चिकटपट्टीचे चार वेढे दिले आहेत.

तू केलेला सिनेमा ताईला दाखवायची कामगिरी तू माझ्यावर सोपवलीस, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. फोन ठेवल्यावर घाम फुटला. आठ महिन्यांपूर्वी तू स्वयंपाकघरात उभी राहून आईला सांगितलंस की ध्वनीवाली नुसती मैत्रीण नाही, तुझं तिच्यावर प्रेम आहे. ताईने त्याच दुपारी मला बोलावून दाराचं कुलूप बदलायला लावलं. तू तणतणत आपली किल्ली मला टपालाने पाठवून दिलीस. तेव्हापासून मायलेकींनी एकमेकींशी चकार शब्द काढलेला नाही. हट्टाच्या बाबतीत तुम्ही दोघी एकाच साच्यातल्या आहात, हे माझं या धंद्यातलं मत समज. आणि अशा वेळी दाखवायचा सिनेमा कसला, तर खुनाचा, ज्यात तपास करणारी पोलीस बाई संशयित औषधवालीच्या प्रेमात पडते. तुला सोपं काही सुचलंच नसतं.

आधी आपली तयारी असावी म्हणून मी आणि मामीने या जातीचे सात सिनेमे पाहिले. दोन बायका नाहीतर दोन पुरुष, मध्ये एक मुडदा आणि मागे पोलीस, असा साधारण मामला. (एकात नायकाने केसातल्या आकड्याने सात सेकंदांत तिजोरी उघडली. मला माझं दुकान किल्लीने उघडायला त्याहून जास्त वेळ लागतो. तो सिनेमा मी अर्धवट सोडणार होतो, पण मामीने सोडू दिला नाही.) मी वहीत टिपणं काढली. सातही सिनेमांत प्रेम करणाऱ्या जोडीतलं निदान एक माणूस शेवटी मरतं. पाचात गोळी, एकात विष, एकात जिना. तीन ठिकाणी तर खुनीही त्यांच्यातलाच निघतो, म्हणजे मरायचं ते मरायचं आणि वर बदनामी. पाचव्या सिनेमाला मामीने डोळे पुसले आणि मला विचारलं, "अहो, यांना म्हातारं झालेलं कुणी पाहिलंच नाही का?" चाळीस वर्षांच्या संसारात तिचा हा पहिलाच प्रश्न मी वहीत उतरवून घेतला.

तर रविवारी दुपारी आम्ही दोघं ताईकडे गेलो. बैठकीत पडदे ओढले. मी ताईला सांगितलं की एका ओळखीच्यांनी कुलपांच्या प्रसंगांवर माझं मत मागितलंय (हे खोटं नाही, औषधांचं कपाट कसं उघडावं हे तू मलाच विचारलं होतंस). खुनाचा सिनेमा म्हटल्यावर ताई चष्मा पुसूनच बसली. सुरुवातीला तुझं नाव येणार म्हणून मी टीव्हीमागच्या खिडकीचा पडदा नीट करायच्या मिषाने टीव्हीपुढे जाऊन उभा राहिलो. नाव चांगलं हातभर रुंद निघालं. मी दोन्ही हात पसरून पडदा नीट करत राहिलो, तुझे बाबा माझ्याकडे काळजीने बघत राहिले. नाव गेलं आणि मी घाम पुसत खाली बसलो.

आणि लगेच प्रेत आलं. प्रेतावर चादर होती आणि चादरीच्या कडेने हिरवे पोपट होते. अगं, तुझ्या अख्ख्या घरात दुसरी चादर नव्हती का? ते पोपट ताईने तू कॉलेजला गेलीस तेव्हा तीन महिने बसून भरलेले. ताईने एकदाच म्हटलं, "माझी चादर आहे ती." मग ती उठून जाईल म्हणून आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. ती उठली नाही. फक्त रक्ताचा डाग पसरत पोपटांपर्यंत गेला तेव्हा तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

आपल्या घरचा रिवाज तुला माहीतच आहे. सिनेमा निम्मा झाला की थांबवायचा, प्रत्येकाने खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून बटणांच्या डब्यात टाकायचं, शेवटी ज्याची चिठ्ठी चुकेल त्याने चहाचे कप धुवायचे. मुख्याध्यापिका असल्यापासून ताईने आजवर एकही कप धुतलेला नाही. या वेळीही तिने लाल पेन काढलं, बराच वेळ लिहिलं आणि चिठ्ठीची चारपदरी घडी घातली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, नाव लिहायला एवढा वेळ लागत नाही. पुढे स्टेशनावरचा तो शेवटचा प्रसंग आला. दोघी दोन टोकांनी एकमेकींकडे चालत येतात, गोळीचा आवाज होतो आणि अंधार. (आवाज फार खरा आहे, ध्वनीवालीला सांग. तुझ्या बाबांच्या हातातली बशी पडली.)

डबा मी उघडला. माझ्या चिठ्ठीत घरमालक, मामीच्या चिठ्ठीत घरमालक, तुझ्या बाबांच्या चिठ्ठीत बरोबर उत्तर, म्हणजे मयताचा भागीदार. मग मी ताईची चिठ्ठी मोठ्याने वाचली. ती जशीच्या तशी इथे उतरवतो: "खुनी कोण ते नंतर बघू. त्या दोघींपैकी एकीला जरी मारलंस, तर गाठ माझ्याशी आहे."

नियमाने कप आम्हा तिघांच्या वाट्याचे, पण ताई एकटीच उठली, तिने सगळ्यांचे कप गोळा केले आणि धुवायला गेली. नळ फार वेळ चालू राहिला. मामी मदतीला गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, तेच चार कप ती पुन्हा पुन्हा धुतेय. तुझे बाबा आत गेले आणि तिच्या शेजारी फडकं घेऊन उभे राहिले.

असो. कामगिरी पार पडली असं समजायचं की कसं, ते तूच ठरव. मला त्या दिवशी तुझी फार आठवण आली. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा

ता. क. एक विनंती आहे. शेवट अजून पक्का नाही, असं तू म्हणाली होतीस. तर गोळी चुकव. भागीदाराला लागू दे, घड्याळाला लागू दे, कुणालाही लागू दे. दोघींना ती गाडी पकडू दे आणि जमल्यास शेवटी केस पांढरे झालेले दाखव. मामीला एकदा बघायचंय.

ता. क. दुसरा. हे पत्र काल टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज सकाळी ताई दुकानात आली. म्हणाली, नवं कुलूप काढ आणि जुनं बसव. मग मला कबूल करावं लागलं की मी कुलूप बदललंच नव्हतं. त्या दुपारी सगळं खोललं, तेल दिलं, पितळ घासलं आणि तेच परत बसवलं. पोरीच्या तोंडावर बंद होणारं कुलूप माझ्या हातून बसेना. (तुला आधी सांगायला हवं होतं. तुमचा राग निवला की सांगू म्हणता म्हणता आठ महिने गेले.) ताई शांतपणे म्हणाली, "माहीत आहे. तू गेल्यावर मी जुनी किल्ली लावून पाहिली होती. मला वाटलं, पोर एकदा तरी आपली किल्ली लावून बघेल." तुझी किल्ली तिच्या डोक्यामागच्या खिळ्यालाच टांगलेली होती. मी बोटाने दाखवली. तिने मला गाढव म्हटलं, आणि ते मी मान्य केलं. आता पुडकं उघड. एक किल्ली तुझी जुनी आहे, दुसरी मी आज नवीन कापली आहे.

ता. क. तिसरा, हा माझा नाही. ताई अजून दुकानातच होती. तिने काउंटरवरून पत्र उचललं, बसून वाचलं, सहा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं (तुला लाल दिसेलच) आणि खाली हे लिहिलं:

"चादर परत हवी आहे. डाग काढूनच आण. मोठी चादर आहे, एकीला पिळता येत नाही. दोघी या."