कप्तानाचा वारस मी नव्हेच

३ जून, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. कप्तान ब्रॅडवेल रोज लिहायचा, आणि मी त्याचा खापरपणतू. पुरावा : नाक. मंगळवार-शुक्रवार टोपी घालून टूरिस्टांना तो आमच्या बेटावर जहाजातून उतरला ती जागा दाखवतो. जागा माझीच, समुद्राला लागून.

४ जून, मंगळवार
टूरला सहाच गोरे. त्यातली मिस हॅरिएट एकदाही हसली नाही. नुसती वहीत लिहीत होती. शेवटी विचारलंन, तुमची वंशावळ कुठे लिहिलेली आहे का? म्हटलं, नाकावर. तेही लिहून घेतलं.

५ जून, संध्याकाळ
ती पास्टरकडे चर्चचं जुनं रजिस्टर बघत बसली होती. जवळ कागदाची भली मोठी गुंडाळी. म्हणे ब्रॅडवेल घराण्याची वंशावळ, आणि ती त्यातलीच.
आलं लक्षात. इथे जमीन विकता येत नाही, पण कोर्टात रक्ताचं नातं दाखवलं की हिस्सा मिळतो. मी कप्तानाचा, तीही कप्तानाची, की गेले माझे अर्धे नारळ. पूर्वी हे लोक जहाजातून यायचे आणि चार खिळे देऊन आमची डुकरं न्यायचे.
बायकोला सांगितलं. तेपाएरू म्हणाली, बाई साधी आहे हो, नारळाच्या दुधातली अळूसारखी तारोची पानं तीनदा मागून खाल्ली. म्हटलं, जमीन आधी अशीच चाखून बघतात.

६ जून
टूरचा बोर्ड उतरवला. टोपी खुराड्यात. पास्टरसमोर कागदावर सही केली : कप्तानाशी माझं काही नातं नाही. पास्टर म्हणाले, पुन्हा विचार कर. मी करूनच गेलो होतो.
मिसने विचारलं, मग वारस कोण? शेजारच्या तारारेचं नाव ठोकून दिलं. त्याची जमीन म्हणजे खडक आणि चार बकऱ्या. घे म्हणावं हिस्सा. पास्टर म्हणाले, रजिस्टरातही तसंच आहे. किती सांभाळून घेतात माणसाला.

७ जून, शुक्रवार
टूर रद्द. तारारेला कळल्यावर म्हणाला, बरं, बकऱ्यांना सांगतो. बिचारा.

९ जून, रविवार
चर्चनंतर मिस बोलायला उभी राहिली. कप्तान इथल्या बायकोला न सांगता निघून गेला, त्याची माफी मागायला घराण्यातले चाळीस जण पुढच्या महिन्यात जहाजाने येताहेत. जमीन वगैरे काही नको. मग पिशवीतून कप्तानाची खरी टोपी काढून तारारेच्या डोक्यावर ठेवली. चपखल बसली. माझी मला कायम घट्ट व्हायची.
सगळे रडले. मीही. फार वाईट वाटलं.
पास्टरना म्हटलं, सही केली तेव्हा अंगात ताप होता. ते म्हणाले, रजिस्टरात तुझा खापरपणजाही आहे की. जहाजाला डुकरं देणारा.

११ जून, मंगळवार
तारारे सकाळीच बोर्ड मागायला आला. शेजाऱ्याला नाही कसं म्हणणार? म्हणाला, मला चार लोकांत बोलता येत नाही रे. मी टोपी घालून उभा राहतो, तू माझ्याबद्दल सांग.
सांगितलं. चांगलंच सांगितलं. शेवटी एका गोऱ्याने मला विचारलं, आणि तुम्ही कोण?
मी तोंड उघडायच्या आत तारारे म्हणाला, आमचे डुकरंवाले.
टूरला आलेली मिस हॅरिएट पहिल्यांदाच हसली. मग वहीत लिहून घेतलं.