घंटा वाजवली

बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. काल मी कॉलेजात पदवीचा मुख्य विषय जाहीर केला. जीवशास्त्र, म्हणजे पुढे डॉक्टरकी, तुला हवं होतं तसंच. विषय ठरला की विभागातली पितळी घंटा वाजवायची असते. मी वाजवली, टाळ्या पडल्या. मला काहीच वाटलं नाही.

सल्लागार लुंडग्रेनबाई माझे जुने कोर्स बघून हसल्या. "अगं वेडे, दर सत्रात कुंभारकाम घेतलंस! पदवीचा दुय्यम विषय म्हणून तुझं कुंभारकाम कधीच पुरं झालंय, पत्ता तरी आहे का?"

नव्हता. आई गेल्यापासून हात रिकामे नकोत म्हणून जायचे. खोलीवर येऊन पाहिलं, तर मी घडवलेले सगळे कप आईच्याच कपासारखे झालेत.

तू अजून सकाळी दोन कपांत कॉफी ओततोस का?

तुझीच,
डेलनी