साहेबांची फळी आणि तुमच्या पावलाचा कागद

सित्रा, बहरीन
१२ नोव्हेंबर १९९६

ती. बाबांना धम्मदीपचा सविनय जयभीम.

मी मजेत आहे. धाकट्या श्रावस्तीचा अभ्यास कसा चाललाय?

इथे माझं डोकं चालेनासं झालंय. आमचे गोरे साहेब सुट्टीत फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायला जाणार आहेत. तिला स्नोबोर्ड म्हणतात. ती मागवायचं काम माझ्याकडे, आणि मी बर्फ पाहिला तो फक्त फ्रिजमधला! फळीवर पाय आडवे ठेवतात, आणि साहेबांचे पाय भलेमोठे. वळताना फळी कडेवर कलते, तेव्हा फळीबाहेर आलेला बूट बर्फात घासतो आणि साहेब पडतात. म्हणून रुंद हवी. पण फार रुंद झाली तर लवकर वळत नाही म्हणे. आता नेमकी केवढी घ्यायची?

शेवटी साहेबांचा बूट कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, तुम्ही चपलेसाठी पाऊल काढून पाठवता तशी. सहज ताडून बघायला तुमचे दोन्ही कागद काढले, गेल्या वर्षीचा आणि परवा आलेला. बाबा, लांबी तीच आहे, पण रुंदी बोटभर वाढलीय. या वयात पाऊल वाढतं का? आई याबद्दल काहीच कसं लिहीत नाही?

साहेबांना रुंद फळी मागवतो. तुमची रुंद चप्पल मात्र डॉक्टरांना पाय दाखवलात की मगच येईल.

तुमचा
धम्मदीप